कबुलीचं पान कुणी फिरवलं?

ओमानमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एका माणसाला फसवलं, आणि त्यासाठी माझा हात वापरला. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला अंदाज करत बसायला नको.

ज्याला फसवलं तो मस्कतजवळच्या रुसैलमधल्या एका कारखान्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. मूळचा गडचिरोलीकडचा. अठराव्या वर्षी तो जंगलातल्या नक्षलवाद्यांच्या दलममध्ये गेला, तीन वर्षं खांद्यावर बंदूक घेऊन फिरला, पकडला गेला, नऊ वर्षं तुरुंगात राहिला आणि शिक्षा पुरी करून बाहेर आला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला पासपोर्ट मिळाला, तोही पोलिसांनी सगळं उलटंपालटं करून तपासल्यावर. रुसैलमधले कामगार त्याला वकील म्हणतात. तो वकील नाही. तुरुंगात त्याने पहिला अर्ज स्वतःच्या चष्म्यासाठी लिहिला, आणि चष्मा मिळाल्यावर बाकीच्या कैद्यांचे अर्ज लिहायला घेतले. तीच सवय त्याने इथे आणली. मीही त्याला वकीलच म्हणेन.

मी किनाऱ्यावरच्या बरका गावचा मासळीवाला. बर्फाच्या लाद्या फोडायला आलो होतो. आज माझ्या दोन थंड गाड्या मस्कतपर्यंत हॉटेलांना सुरमई पोचवतात. शाळा फारशी झाली नाही. डोकं तापट आहे, हे मला नव्याने कुणी सांगायला नको, माझी बायको रोज सांगते.

वकिलाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या एका ड्रायव्हरचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता. "सांभाळून ठेवलाय," असं मी म्हणायचो. इथे मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवायचा नसतो हे मला ठाऊक होतं. मी स्वतः कामगार असताना माझाही असाच कुणाच्या तरी कपाटात पडलेला असायचा. एक दिवस ड्रायव्हरने माझ्यासमोर टाइप केलेला अर्ज धरला. अरबीत एक पान, इंग्रजीत एक पान. खाली लिहिलं होतं की मालकाने स्वखुशीने दिला तर हा अर्ज कामगार कार्यालयात जाणार नाही. माझ्या टाळूला आग लागली. कुणी लिहिला हे विचारून मी गाडी काढली आणि थेट रुसैल गाठलं.

दुपारची सुट्टी होती. कामगारांच्या बसजवळच्या सावलीत एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस डबा उघडून बसला होता.

"वकील तूच का रे?" मी ओरडलो.

"या भाऊ, बसा. जेवता का?"

"जेवायला नाय आलंय! माझ्या माणसाला माझ्याविरुद्ध फूस लावतोस?"

"फूस नाही लावली. त्याचा पासपोर्ट त्याले द्या म्हटलं."

"देईन. हा सीझन होऊ दे."

"आज," तो म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात."

"आज."

"अरे, उद्या सकाळी देतो की! माणसाने जरा मागेपुढे व्हावं."

"आज," असं म्हणून त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

तीस वर्षं मी लिलावात उभा आहे. अरबी, बलुची, मलबारी, सगळ्यांशी घासाघीस केली आहे. एका शब्दावर सौदा करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी रागारागाने परत आलो, संध्याकाळच्या आत पासपोर्ट ड्रायव्हरच्या हातात दिला, आणि मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बाजूला पाहिजे.

त्यानंतर मी वरचेवर रुसैलला जाऊ लागलो. कुणाची रजा अडली, कुणाला कंपनी बदलायची परवानगी मिळत नाही, कुणी उन्हात कोसळला आणि कंपनी म्हणते तो आधीच आजारी होता. वकील ऐकून घ्यायचा, चार प्रश्न विचारायचा आणि निम्म्या वेळा सांगायचा, "यात तुझीच चूक हाये, अर्ज नाही होत." उरलेल्या निम्म्यांचा अर्ज व्हायचा, आणि बहुतेक कामं अर्ज पाठवण्याआधीच सुटायची. दलमचं त्याने मला स्वतःहूनच सांगितलं, डाळीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं. मी विचारलं, "कुणाला मारलंस?" तो म्हणाला, "माझ्या गोळीनं कोणी मेलं नाही. पण रस्ता अडवाले मी उभा होतो, आणि त्या रस्त्यावर माणसं मेली. मले शिक्षा झाली ती बरोबर झाली."

मग ते पत्र आलं. राज्य सरकारच्या एका खात्याला आखाती देशांतल्या मराठी कामगारांच्या प्रश्नांवर सल्ला देणारी माणसं हवी होती. बिनपगारी, पण सरकारी शिक्क्याचं नेमणूकपत्र, आणि सल्लागाराने लिहिलेलं थेट खात्यात वाचलं जाणार. ओमानमधून एक नाव सुचवा, असं आमच्या मंडळाला लिहून आलं होतं. मी मंडळाच्या सात जणांच्या समितीवर आहे. पत्र वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. नाव शोधायचंय कशाला? नाव रुसैलला बसलंय! आजवर अशा जागांवर सोहारचे, मस्कतचे कोटटाय घातलेले साहेबलोक जात आले. त्यांना कामगारांच्या बसमधला घामाचा वास माहीत नाही. आता एकदा तरी आमच्यातला कुणी तिथे बसेल! त्या दिवशी मी एका हॉटेलवाल्याला सुरमई त्याने मागितलेल्या भावात दिली. तो घाबरून विचारत होता, माल ठीक आहे ना?

अध्यक्ष सोहारला एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मी त्यांना भेटायला गेलो ते पूर्ण तयारीने. ते म्हणतील, तुरुंगात गेलेला माणूस सरकारी कागदावर कसा? मी म्हणणार होतो, सरकारनेच त्याला पासपोर्ट दिलाय. ते म्हणतील, बंदूक उचललेला. मी म्हणणार होतो, आणि तुमच्यासारखी माणसं आजवर तिथे बसली, त्यांनी काय उचललं? सगळं घोकून ठेवलं होतं. पण अध्यक्षांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "उत्तम नाव आहे. मी पाठिंबा देतो."

मी एवढा खूश झालो की तोंडात बिस्किट तसंच राहिलं.

"फक्त एक करा," ते म्हणाले. "त्यांच्याकडून सगळं लिहून घ्या. एका पानावर, सहीनिशी. कुठली कलमं, किती वर्षं, सुटका कधी. म्हणजे उद्या कुणी उकरून काढलं तर आपण म्हणू, आम्ही लपवलंच नव्हतं. मी मुंबईला जाणार आहे, स्वतः नेऊन समजावून देईन."

हे मला लगेच पटलं, आणि त्याचं कारण माझा धंदा. मी गिऱ्हाइकासमोर खराब पेटी आधी उघडतो. पोट मऊ पडलेला मासा वर ठेवतो, कल्ले उघडून दाखवतो, "हा असा आहे बघा," म्हणतो. मग बाकीच्या मालावर तो भाव पाडत नाही. खोट मीच सांगितल्यामुळे त्याच्या हातात काही उरत नाही. या एका सवयीवर मी दोन गाड्या उभ्या केल्या. मासळी आणि माणूस यांत फरक असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही.

वकिलाच्या मात्र आलं. "भाऊ, मुंबईले सांगाले मले काही नाही वाटत," तो म्हणाला. "पण कंपनीनं मले कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलगी नागपूरले नर्सिंगले हाये, दोन वर्षं राहिली. हे पान इकडंतिकडं गेलं, तर काय करू?"

"कुठे जाणार? माझ्या हातातून अध्यक्षांच्या हातात, त्यांच्या हातातून खात्यात. माझा शब्द."

"तुमचा शब्द चालते. त्यांचा?"

"त्यांचाही मीच देतो!"

दुसऱ्याचा शब्द मी दिला. वकिलाने अर्जांच्या वहीतून एक कोरं पान काढलं. स्वतःच्या हाताने, मोकळ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं. खाडाखोड एकही नाही. ते पान घडी घालून पाकिटात टाकलं आणि पुढच्या शुक्रवारी मी ते अध्यक्षांच्या हातात दिलं.

त्याच दुपारी सोहारला समितीची बैठक झाली. वकिलाला मीच गाडीत घालून नेलं होतं. वाटेत मी बोलत होतो आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. वकिलाला विचारून पान सगळ्यांपुढे वाचलं गेलं. समितीत बरक्याच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर आहेत, गोंदियाकडच्या. त्या शांत असतात, कुणाचं मन मोडत नाहीत. पान वाचून झालं तशी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"माझा भाऊ पोलिसात होता," त्या म्हणाल्या. "सुरुंगात गेला. आम्हाला पेटी दिली ती उघडू नका असं सांगून."



वकील उभा राहिला. "कोणत्या साली, ताई?"

त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा मी तुरुंगात होतो. पण सुरुंग लावणारे आमचेच. मी नव्हतो म्हणून सुटलो असं मी नाही म्हणत."

"तुम्ही काम चांगलं करता, मी पाहिलंय," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याच वॉर्डातल्या पेशंटचा अर्ज तुम्ही केला होता. काम करा. पण सरकारनं शिक्का मारून मान द्यायचा, ते मला नाही सहन होणार. पेपरात नाव येईल. माझी आई पेपर वाचते."

"तुमची आई नको म्हणत असन, तर मी नाही बसत त्या खुर्चीवर."

"ते ओझं माझ्या आईवर टाकू नका!" सिस्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आता हेही विचारायचं? ठरवायचं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा. मी विरोधात मत देणार. उघड."

मी एवढंच म्हणेन: शिक्षा कधी भोगलीच नाही, केल्याची जबाबदारी कधी घेतलीच नाही, अशा माणसाला मी सरकारच्या दारात उभा करणार नाही. पण ज्याने नऊ वर्षं मोजून दिली, आणि जो उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांवर घालवतोय, त्याला आपण अजून किती शिक्षा देणार? आणि त्याचा सल्ला घ्यायचा, पण नाव लपवायचं, हे कसं? सिस्टर याला मान म्हणतात. मला ते काम दिसतं. आम्ही दोघं यावर पुन्हा भांडू, आणि ते भांडण मला चालेल, कारण त्या समोरून भांडतात.

हात वर झाले. पाच बाजूने, दोन विरोधात. अध्यक्षांचा हात सगळ्यात आधी वर गेला होता. मी टेबलावर थाप मारली, अध्यक्षांच्या पाठीवर मारली, वकिलाला मिठी मारली. परतीच्या वाटेवर मी मोठमोठ्याने गात होतो. वकील म्हणाला, "भाऊ, हळू चालवा, नेमणूक व्हायच्या आधी मेलो तर अर्ज कोण लिहीन?" आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. एवढा आनंद मला पहिली गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

महिन्याभराने मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार आणि फुलं पडायला लागली. ओमानमधून सल्लागार नेमले गेले होते. फोटो अध्यक्षांचा होता.

मी तीनदा वाचलं. मग खात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून मंडळाचं मूळ पत्र मागवलं. त्यात लिहिलं होतं, समितीने सुचवलेल्या व्यक्तीने वैयक्तिक कारणांमुळे माघार घेतली असून समिती अध्यक्षांचे नाव सुचवत आहे. माघार? कोणी, कधी? समितीला काही विचारलं नव्हतं. सोबत वकिलाचं पान जोडलेलं होतं, म्हणजे माघारीचं कारण न सांगताही कळावं.

त्याच आठवड्यात त्या पानाचा फोटो फिरायला लागला. आधी सोहारच्या एका ग्रुपवर, मग रुसैलच्या कामगारांकडे, तिथून कंपनीच्या ऑफिसात. कंपनीने वकिलाला बोलावून सांगितलं की करार संपतोय तिथेच संपेल, पुढे वाढणार नाही. कारण सांगितलं नाही. महिनाअखेर शेवटचा दिवस.

मी सोहारला गेलो. बेल वाजवत राहिलो.

"आत या, ओरडू नका, शेजारी आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"ओरडणार! माघार कुणी घेतली?"

"समजून घ्या जरा. तिथून तोंडी सांगितलं गेलं की हे नाव चालणार नाही. जागा ओमानच्या हातून गेली असती. मी ती वाचवली."

"मग समितीला का नाही सांगितलंत? वकिलाला का नाही सांगितलंत?"

"त्यांचंच मन दुखावलं असतं."

"आणि हा फोटो?" मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत 'जोडपत्र दोन' लिहिलंय. मी दिलं तेव्हा त्यावर वकिलाच्या निळ्या शाईशिवाय काही नव्हतं. हिरव्या शाईचं पेन तुमच्या खिशात आहे. आत्ताही आहे!"

त्यांचा हात खिशाकडे गेला. "पत्र अनेक हातांतून जातं. कुठून गेलं, मी काय सांगू? आणि खरं सांगायचं तर त्यांनी लिहिलेलं खोटं आहे का? खलास, आता विषय सोडा. तुमच्या गाड्यांच्या परवान्याचं काही अडलं तर सांगा, आता माझी ओळख आहे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पहिल्या भेटीत त्यांनी घासाघीस केली नव्हती. मी तयारीने गेलो होतो, आणि ते पहिल्या भावाला हो म्हणाले होते. लिलावात जो पहिल्याच बोलीला मान डोलावतो तो माल उचलणार नसतो. हे मी माझ्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि मी बिस्किट खात बसलो! सिस्टर भावाची गोष्ट काढून समोर बसल्या, त्या खऱ्या होत्या. हात आधी वर करणारा खोटा होता.

वकिलाकडे जायला मला दोन दिवस लागले. तो खोलीत बसून स्वतःसाठी कंपनीला अर्ज लिहीत होता. दोन ओळी झाल्या होत्या आणि पुढे कागद कोरा होता.

"दुसऱ्याचं लिहिता येते, भाऊ. स्वतःचं नाही सुचत."

"शिव्या घाल मला," मी म्हटलं.

"तुमाले घालून काय होते?" मग तो म्हणाला, "राग आला ना. लई आला. तुमी त्यांचाही शब्द दिला, तेव्हाच मी थांबाले पाहिजे होतं."

ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. त्यांनी बैठकीची सगळी हकिकत लिहून काढली: कोण काय बोललं, पाच हात कुणाचे, दोन कुणाचे, माघारीचा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नव्हता. खाली सही. "मी त्यांना मत दिलं नाही आणि उद्याही देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं मत विरोधात मोजलं गेलं होतं, ते चोरीसाठी नव्हतं." ते कागद घेऊन मी कंपनीत गेलो. मॅनेजर साहेबांनी वाचले आणि म्हणाले, ज्याने हे पान बाहेर पाठवलं त्याने आम्हाला लेखी कळवावं की ते गोपनीय होतं आणि विनापरवानगी फिरलं, मग आम्ही कराराचा पुन्हा विचार करू, इन्शाल्ला. महिना संपायला नऊ दिवस आहेत.

म्हणून हे लिहिलं. अध्यक्ष महाराज, तुम्ही हे वाचाल, कारण तुमच्याबद्दल छापलेलं तुम्ही एकही सोडत नाही. खुर्ची ठेवा, नाहीतर सोडा, ते समिती बघेल. पण या शुक्रवारी सर्वसाधारण सभा आहे, आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तिथे उभं राहून सांगा: माघारीचं वाक्य कुणी लिहिलं, आणि त्या पानाचा फोटो कुणी काढला? तुम्ही नसाल तर ज्याला दिलंत त्याचं नाव घ्या. आणि कंपनीला पाठवायचं पत्र सगळ्यांसमोर, तुमच्या सहीने लिहा. उद्या नको, पुढच्या आठवड्यात नको. त्याच सभेत. उत्तर द्या!